गुरुवारचं मतदान

परवा रात्री लेस्टरहून भाचीचा फोन आला. ती नर्स आहे, चार वर्षांपूर्वी गिरीजमधून तिकडे गेली. मी म्हटलं, अगं येत्या गुरुवारी, १५ जानेवारीला आपल्या महापालिकेचं मतदान आहे, सध्या गल्लीत भोंग्यांमुळे फोनवर बोलताही येत नाही. ती हसली. म्हणाली, "मामा, म्हणजे शेवटी तुमचंही गुरुवारीच! आमच्याकडे मतदान नेहमी गुरुवारीच असतं."

'आमच्याकडे' हा शब्द मला खटकला. मग आठवलं, तिने तिथे खरोखरच मतदान केलं आहे. तेही भारताचा पासपोर्ट दाखवून.

हे पुष्कळांना माहीत नसतं. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. नागरिकत्व बदलावं लागत नाही, मतदार यादीत नाव घातलं की झालं. ४ जुलै २०२४ ला तिथे सार्वत्रिक निवडणूक झाली. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवणं सार्वत्रिक निवडणुकीत त्याच वेळी पहिल्यांदा सक्तीचं झालं होतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो. हिने आपला निळा पासपोर्ट दाखवला, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने कागदावर फुली मारली आणि ड्यूटीवर गेली. मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. सुट्टी नाही, बोटाला शाई नाही.

आणि त्याआधी दीड महिना, २० मे २०२४ ला, आपल्या पालघर लोकसभेचं मतदान झालं तेव्हा तिला मत देता आलं नव्हतं. परदेशातल्या भारतीयाला मतदार म्हणून नोंद करता येते, पण मत द्यायला स्वतः इथल्या केंद्रावर यावं लागतं. नर्सच्या पगारात एका मतासाठी विमानाचं तिकीट कोण काढणार? ज्या पासपोर्टवर तिला तिकडे मत मिळालं, तो ज्या देशाचा, त्या देशात तिचं मत वाया गेलं. हसावं की रडावं कळेना.

मला तेव्हा दादाभाई नौरोजी आठवले. १८९२ साली ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षातर्फे अवघ्या पाच मतांनी संसदेत निवडून गेले होते. इथल्या दुष्काळावर, करांवर, इथून जाणाऱ्या पैशावर ते तिथे बोलले. पण ज्या संसदेत आपला कारभार ठरायचा तिच्यासाठी वसईत कुणाला मत नव्हतं. आज वसईची पोरगी तिथे जाऊन त्यांचा खासदार ठरवते. काळाने किती मोठी गिरकी घेतली बघा.

तर सांगायचं होतं ते मतदानाआधीच्या दिवसांबद्दल. पालघरचं मतदान झाल्यावर दोनच दिवसांनी, २२ मे ला, ऋषी सुनक यांनी भर पावसात छत्रीशिवाय उभं राहून निवडणूक जाहीर केली. त्यानंतरचे सहा आठवडे भाची मला फोनवर तिथल्या गमती सांगायची. तिथे काही सगळं सोवळं नव्हतं. निवडणूक कधी लागणार यावर सत्ताधारी पक्षातल्याच काही जणांनी आधी पैसे लावल्याचं बाहेर आलं. आपल्याकडे मटका, तिकडे कायदेशीर सट्टा, पण आतली माहिती वापरून खेळलात तर पकडले जाणार! चौदा वर्षांत पाच पंतप्रधान करून हुजूर पक्ष दमला होता आणि लोक त्यांना कंटाळले होते. मतदानही साठ टक्क्यांच्या आसपासच झालं. आपल्या पालघरमध्ये त्याहून जास्त झालं होतं. तेव्हा उगाच गोऱ्यांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही.

तिच्या मतदारसंघाची, पूर्व लेस्टरची, गंमत तर आपल्याला जवळची वाटेल. तिथले बरीच वर्षं खासदार राहिलेले कीथ वाझ हे मूळ गोव्याच्या घराण्यातले. १९८७ ते २०१९ ते मजूर पक्षाचे खासदार होते, या वेळी वेगळ्या पक्षाकडून उभे राहिले. मजूर पक्षाचे राजेश अग्रवाल, हुजूर पक्षाच्या शिवानी राजा. देशभर मजूर पक्षाची लाट, ६५० पैकी ४११ जागा. आणि इथे मात्र मतं फुटली आणि हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या. शेजारच्या दक्षिण लेस्टरमध्ये मजूर पक्षाचे मोठे नेते जोनाथन अॅशवर्थ एका अपक्षाकडून ९७९ मतांनी हरले. लाट देशात असली तरी गल्लीतला माणूस आपल्या गल्लीचा हिशेब वेगळा मांडतो, हे तिथेही खरं.

पण या सगळ्यात मला जे लागलं ते वेगळंच होतं. एकदा ती म्हणाली, "उद्या दुपारी खासदाराच्या सर्जरीला जायचंय." मी घाबरलो. म्हटलं, "काय झालं त्यांना?" ती पोट धरून हसली. तिथे खासदार आपल्या मतदारसंघात लोकांना भेटायला बसतो, त्या बैठकीला सर्जरी म्हणतात. बहुतेक शुक्रवारी किंवा शनिवारी, कुठल्या वाचनालयात, चर्चच्या हॉलमध्ये. वेळ आधी घ्यायची, जाऊन समोर बसायचं आणि गाऱ्हाणं सांगायचं. कोणाचा व्हिसा अडकलाय, कोणाच्या भाड्याच्या घराला बुरशी लागलीय. तिच्याबरोबरची एक केरळची नर्स नवऱ्याच्या व्हिसासाठी जाणार होती, ही सोबत गेली. खासदाराने पत्र लिहून दिलं. काम झालं की नाही ते मी विचारलं नाही. समोर बसून कोणीतरी ऐकून घेतलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

या भेटींची किंमतही त्यांनी मोजली आहे. १५ ऑक्टोबर २०२१ ला डेव्हिड अमेस नावाच्या खासदाराचा अशाच बैठकीत, चर्चच्या हॉलमध्ये, चाकूने खून झाला. त्याआधी २०१६ मध्ये जो कॉक्स अशाच बैठकीला निघाल्या असताना मारल्या गेल्या. तरी बैठका थांबल्या नाहीत. दारावर पोलीस आला, वेळ आधी घ्यावी लागू लागली, पण खुर्ची मांडलेलीच राहिली.

मी म्हटलं, आपल्या खासदाराकडून ही अपेक्षा करायची का? करू नये, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथे एका खासदारामागे सत्तर ते सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास मतदार. आपल्या पालघर लोकसभेत एकवीस लाखांहून जास्त. डहाणूच्या डोंगरापासून वसईच्या खाडीपर्यंत एकच खासदार. २०१८ च्या पोटनिवडणुकीत जे राजेंद्र गावित कमळावर निवडून आले, तेच २०१९ मध्ये धनुष्यबाणावर. २०२४ ला हेमंत सावरा यांचं नाव अर्ज भरायच्या अगदी शेवटाला जाहीर झालं. खासदार आपल्याला चिन्हावरूनच ओळखू येतो, यात मतदाराचा दोष नाही.

मग आपल्याकडे ती खुर्ची कोण मांडतो? विचार करा. गटारावरचं झाकण तुटलं, नळाला पाणी आलं नाही, दाखल्यावर सही हवी, तर आपण कोणाच्या दारात जातो? नगरसेवकाच्या. तिथल्या खासदाराची सर्जरी म्हणजे आपल्याकडचं नगरसेवकाचं ऑफिस. आणि तेच साडेपाच वर्षं बंद होतं.

आठवा. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून महापालिका झाली. २०१५ च्या जूनमध्ये आपण ११५ नगरसेवक निवडले. जून २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं. आधी करोना आला. तो गेला तर ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं, मग ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची मुदत दिली, तेव्हा कुठे हा गुरुवार उजाडतो आहे. दरम्यान महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त, तिन्ही एकाच खुर्चीत. हजारो कोटींची अंदाजपत्रकं मंजूर झाली, त्यावर सभागृहात एकही हात वर झाला नाही, कारण सभागृहात कोणी नव्हतंच.

ब्रिटनमध्ये मतदान गुरुवारी रात्री दहाला संपलं. शुक्रवारीच जुने पंतप्रधान राजीनामा देऊन निघून गेले आणि नवे आत गेले. एक दिवसही खुर्ची रिकामी नाही. आपण १९ नोव्हेंबरला नाही तर २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान घ्या यावर वाद घालू, पण गल्लीचा माणूस पाच वर्षं नाही याचं आपल्याला काही वाटलं नाही. आधी मलाही नव्हतं वाटलं.

वाटलं ते २०२४ च्या पावसाळ्यात. आमच्या आळीच्या तोंडाशी एक फरशी खचली, खाली नाला. शाळेच्या रिक्षा तिथूनच जातात. मी जुन्या नगरसेवकाला फोन लावला, नंबर पाठ होता. तो म्हणाला, "सर, आता माझ्याकडे पद नाही. मी सांगितलं तरी कोण ऐकणार? तरी येतो." आला बिचारा, पावसात. आम्ही दोघांनी मिळून एक पिंप आडवं ठेवलं, त्यावर लाल फडकं बांधलं. त्याला मी कधी मत दिलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्या दिवशी पिंपाजवळ उभा असताना मला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडून काय काढून घेतलंय.

आता कोणी म्हणेल, नगरसेवक होते तेव्हा काय सोनं उगवलं होतं? बरोबर आहे. नालासोपाऱ्यात डंपिंग आणि सांडपाणी प्रकल्पाच्या आरक्षित जागेवरच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या, हजारो माणसं रस्त्यावर आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारच्या विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ जीव गेले. या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा सभागृह भरलेलं होतं. त्या मजल्यांकडे बघून मान फिरवणारे आपणच निवडून दिलेले होते. हे लपवून मत मागणाऱ्याला मत देऊ नये. पण निवडून दिलेल्याला पाच वर्षांनी घरी बसवता तरी येतं. प्रशासकाला काय करणार?

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. २०१५ ला एका प्रभागात एक नगरसेवक होता. या वेळी २९ प्रभाग, एका प्रभागात चार जण, एका ठिकाणी तीन. २०११ च्या जनगणनेने आपण १२ लाख २२ हजार होतो, म्हणजे एका नगरसेवकामागे दहा हजारांच्या थोडी वर माणसं पडायची. आता चौघांचा मिळून चाळीस हजारांवरचा प्रभाग, आणि ती जुनी मोजणी झाली. फरशी खचली तर अ ला सांगायचं की ड ला? चारही बोटं एकमेकांकडे दाखवतील ही भीती मला आहे. २००९ ला गावांनी महापालिका नको म्हणून आंदोलन केलं तेव्हा गावकऱ्यांचं म्हणणं हेच होतं की ग्रामपंचायत दारात आहे, महापालिका लांब. तेव्हा आम्ही शहरातले लोक त्यांना हसलो होतो.

म्हणून या तीन-चार दिवसांत दारात येणाऱ्या उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, आपण एवढंच विचारू या. निवडून आलात तर आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे बसणार? चौघांपैकी आमच्या आळीचं कोण बघणार, ते आधी ठरवलंय का? राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे, ती घेणार का, आणि पहिली कधी? उत्तर मोबाईलवर लिहून ठेवा, तारखेसकट.

एका मताने काय होतं असं म्हणणाऱ्यांसाठी, २०२४ च्या विधानसभेत वसईचा निकाल ३,१५३ मतांनी लागला. एका मोठ्या सोसायटीच्या चार-पाच विंगांचं मतदान.

मी आमच्या आळीत आलेल्या दोघांना वारावेळेचं विचारलं. एक म्हणाला, "चोवीस तास हजर." दुसरा जरा थांबला, म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ, पापडीला. पण सर, लोक येतील का?"

मी म्हटलं, मी येईन. गुरुवारी साडेसातला केंद्र उघडतं, तिथेही असेन. तुम्हीही या.