सारणातली चरबी

इंग्लंडच्या नाताळातल्या गोड पदार्थांत मिन्स पायइतकं दुर्दैवी नाव दुसऱ्या कशाचं नसेल. मराठी कानाला मिन्स म्हणजे खिमा आणि पाय म्हणजे पाय. आई पहिल्यांदा डिसेंबरात माझ्याकडे लेस्टरला आली, तेव्हा तिनं दुकानातलं खोकं लांबूनच बघितलं आणि विचारलं, "कुणाचा?"

खरं तर हा आपल्या करंजीचा लांबचा भाऊ. छोट्या वाटीएवढी मैद्याची पारी, आत सारण, वर झाकण, मग ओव्हन. सारणात मनुका, बेदाणे, सफरचंद, संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या साली, ब्राउन शुगर, दालचिनी, जायफळ, लवंग, ब्रँडी. याला म्हणतात मिन्समीट. आज त्यात मांस नसतं. पण जुन्या पद्धतीच्या सारणात सुएट असतं, म्हणजे बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट पांढरी चरबी, बारीक किसलेली. फळांत ती दिसतही नाही, आणि शाकाहारी माणसाची पंचाईत तिथेच होते.

पूर्वी मांसही असायचं. 1615 सालच्या गर्व्हेस मार्कमच्या पुस्तकात या पायसाठी मेंढीची तंगडी घ्यायला सांगितली आहे. 1747 मध्ये हॅना ग्लास फळांचं सारण देते आणि मांस हवंच असेल तर जीभ उकडून घाला म्हणते. 'हवंच असेल तर' इथपर्यंत गाडी आली होती. 1861 मध्ये मिसेस बीटननं दोन कृती दिल्या, एक गोमांसाची आणि एक त्याशिवायची. सुएट मात्र दोन्हींत. मांस गेलं आणि चरबी राहिली, कारण तिचं काम दुसरं कुणी करत नव्हतं.

ते काम मला आमच्या शेजारच्या बाईंकडून कळलं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. दरवर्षी त्यांच्या आईच्या कृतीनं मिन्समीट करून एक बरणी आम्हाला देतात, आणि नाताळच्या आठवड्यात चहाला बोलावून पाय समोर ठेवतात. मी सगळं खाते. आई हात जोडून हसायची आणि मला सांगायला लावायची की आज तिचा उपास आहे. त्या महिन्यात आईनं इतके उपास केले की शेवटी बाईंनीच मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या आईचा उपास संपतो तरी कधी?"

मग मी खरं काय ते सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग करू या की दुसरं."

दुकानात वनस्पतिजन्य सुएट मिळतं: पाम तेल, सूर्यफूल तेल आणि दाणे सुटे राहावेत म्हणून थोडं पीठ. सगळ्यात सोपा मार्ग हाच, आणि दुकानातल्या बऱ्याच मिन्स पायमध्ये आता तेच असतं. पण आईचा खोक्यातल्या घट्ट चरबीवर विश्वास नाही. 1983 साली भारतात वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा ती नवी नवरी होती. तेव्हापासून आमच्या घरी डबा आला नाही, लोणी कढवूनच तूप. बाईंनाही ते खोकं नको होतं, त्यांचं कारण वेगळं. त्यांच्या मते ते मेण आहे.

लोणी चाललं असतं, पण लोण्यात पाणी असतं आणि ही बरणी महिनाभर टिकायला हवी. म्हणून तूप. आईनं ते बाईंच्याच शेगडीवर कढवलं. बेरीची वाटी बघून बाई आधी घाबरल्या, मग साखर घालून खाल्ली.

प्रमाण असं बसलं: अर्धा किलो सुकी फळं आणि साली, पाव किलो आंबट ब्रॅम्ली सफरचंद, पावणेदोनशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅमला थोडं कमी तूप. सगळं कालवून 110 अंशांवर तीन तास ओव्हनमध्ये. सफरचंदाला पाणी सुटतं आणि बरणीत ते आंबतं. वितळलेली चरबी फळाच्या फोडींवर लेप बसवते आणि पाणी आत कोंडते. सुएट इतकी वर्षं टिकलं ते यासाठी. तूपही हे करतं, फक्त थंड होताना सतत ढवळावं लागतं, नाहीतर वर साय धरल्यासारखं गोळा होतं. ब्रँडी सगळ्यात शेवटी, सारण गार झाल्यावर.

चव? दोन्ही खाल्लेली माणूस म्हणून सांगते, एकसारखी नाही. सुएट 45 अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे ते पाय गरमच खावे लागतात, नाहीतर टाळूला चिकटतात. पण गरम असताना त्यात एक जाड, खोल गोडी असते. तूप जिभेवरच विरघळतं आणि स्वतःचा वास पुढे करतं, जायफळ मागे पडतं. बाईंनी एक चमचा खाल्ला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. आईचं नाही." मला त्यांचं पटलं. शाकाहारी केलं तरी चवीत फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्या आता दोन बरण्या करतात.

सारण जमलं तरी पारी उरतेच. त्यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालायची पद्धत आहे, आम्ही लोणी घातलं. झाकणावर चकाकीसाठी अंडं फिरवतात, आईला ते चालत नाही, म्हणून दूध. रंग जरा फिका येतो. बाई एकेक गोष्ट आधी विचारत होत्या आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी ब्रँडीची बाटली हातात धरून माझ्याकडे पाहिलं, आणि मी आईकडे.

"ती काय, औषध आहे," आई म्हणाली. "दोन चमचे जास्तच घाल म्हणावं."