पंख्यासारखे गाव

जर्मनीतल्या कार्ल्सरूहला पुणेकराने जावे ते रस्ते पाहायला. १७१५ साली कार्ल विल्हेल्म नावाच्या संस्थानिकाने येथे वाडा बांधायला घेतला आणि त्याच्या मनोऱ्यापासून चहूकडे बत्तीस रस्ते सोडले. थोडे गावात आले, पुष्कळसे रानात गेले. नकाशावर गाव उघडलेल्या पंख्यासारखे दिसते.

जगाला वाहनांच्या नादी लावणारी दोन माणसे याच गावची. सायकलचा आजोबा शोभेल अशी, पायांनी जमीन रेटीत न्यायची दुचाकी काढणारा कार्ल ड्राइस १७८५ साली येथे जन्मला. मोटारवाला कार्ल बेन्झ १८४४ साली म्यूलबुर्गला, जे आता या शहरातच मोडते. वाहतुकीचा गुंता सोडवण्याचे गणितही याच गावात मांडले गेले. गाठ मारली त्यांनीच ती सोडवावी, हे बरे!

२०२३ च्या उन्हाळ्यात मी तेथे भाच्याकडे उतरलो होतो. तो शिकतो ते हेच शास्त्र. त्याने संगणकावर एक चौक दाखवला. मुंगीएवढ्या मोटारी येत, थांबत, वळत होत्या. येथल्या विद्यापीठातल्या राइनर वीडेमान यांनी १९७४ साली मोटार हाकणाऱ्याच्या मनाचा हिशेब मांडला. पुढची गाडी मंदावली हे माणसाला लगेच उमगत नाही. उमगले की तो जरा जास्तच मंदावतो. अंतर पडले की पुन्हा वेग घेतो. कोणी भित्रा, कोणी धीट. अशी शेकडो माणसे नकली चौकात सोडायची, रस्ता रुंद करून किंवा सिग्नल बदलून पाहायचे, आणि रांग मोजायची. तीही एकदा नव्हे. फासे बदलून पुन्हा पुन्हा. त्याआधी आजचा चौक आजच्या रांगेसकट हुबेहूब उमटला पाहिजे. तो जमला नाही, तर उद्याच्या पुलाविषयीचे उत्तर म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाने काढलेली चिठ्ठी!

"आमचा विद्यापीठ चौक घाल बघू यात," मी म्हटले. तेथला उड्डाणपूल जेमतेम दशक-दीड दशक उभा राहिला. २०२० साली मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी तो पाडावा लागला. पडद्यावरचा पूल पाडायला सुरुंग लागत नाही.

भाचा हसला. "मामा, ही माणसं आखलेल्या पट्ट्यातून जातात. आपल्याकडे दोन मोटारींच्या फटीत तीन स्कूटर शिरतात. ते आधी शिकवावं लागतं." मद्रासच्या आय.आय.टी.त अरासन यांनी तेच केले होते. बस, रिक्षा, सायकल सारी एकाच रस्त्यावर, पट्टा न मानता चालतात, असे धरून त्यांनी 'हेटेरोसिम' रचले.

"आणि पायी चालणारे?"

"घातले तर असतात."

हे उत्तर मला बोचले. आमच्या घरापुढचा रस्ता रुंद झाल्यापासून माझी ऐंशी वर्षांची आई पलीकडच्या देवळात गेलेली नाही. मोटारींचे किती सेकंद वाचले, हे कोणी मोजलेही असेल. आई त्या हिशेबात कोठे बसते?

भाच्याने काही न बोलता चौकाच्या कोपऱ्यावर एक ठिपका उभा केला आणि त्याला आजीची चाल दिली. ठिपका निघाला. निम्म्या रस्त्यात असतानाच मोटारींचा दिवा हिरवा झाला. त्याने पादचाऱ्यांचा वेळ आठ सेकंदांनी वाढवला आणि खेळ पुन्हा मांडला.

"पोचली आजी," तो म्हणाला.

मोटारींची रांग तीन गाड्यांनी लांबली होती.