माळ्यावरचे रंगाचे डबे

घराची रंगरंगोटी उरकल्यावर डब्यात उरलेला रंग पुढेमागे डागडुजीला उपयोगी पडेल या हिशोबाने माळ्यावर जातो आणि बहुधा पुढच्या रंगकामापर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही. असा रंग वापरण्याजोगा आहे की नाही, हे त्याच्या वयापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे आणि डब्यात त्याच्यासोबत किती हवा कोंडली गेली यावर ठरते. प्रस्तुत लेखकाच्या घरी गणपतीपूर्वीच्या साफसफाईत उतरवलेल्या दोन डब्यांनी याचा पुरेसा प्रत्यय दिला. एक डबा खिडक्यांच्या गजांसाठी आणलेल्या हिरव्या ऑइल पेंटचा होता, तर दुसरा भिंतीच्या इमल्शनचा; दोन्हींवर उत्पादनाचे वर्ष २०१९ छापलेले होते आणि दोन्ही निम्म्याहून अधिक रिकामे होते.

ऑइल पेंट, म्हणजे टर्पेंटाइनने पातळ होणारा आणि अल्किड या तैलयुक्त राळेवर आधारलेला रंग, केवळ टर्पेंटाइन उडून गेल्याने वाळत नाही. त्यातील तेलाचा अंश हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून कडक होतो, आणि डब्यात कोंडलेल्या हवेमुळे हीच क्रिया बंद झाकणाखालीही सुरू राहून पृष्ठभागावर जाड साय धरते. ही साय पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे ती रंगात घोटणे व्यर्थ असते. त्या डब्यातील साय कडेने चाकू फिरवून अखंड काढण्यात आली, तेव्हा तिच्याखाली वर तरंगणारे पिवळसर तेल आणि तळाशी घट्ट बसलेला हिरवा साका असे दोन थर दिसले. वरचे पातळ द्रव्य दुसऱ्या भांड्यात ओतून, साका लाकडी पट्टीने खरवडून मोकळा करून आणि मग ते द्रव्य थोडे थोडे परत घालीत ढवळल्यावरच रंग एकजीव झाला. झाकणाच्या गंजाचे कण आत पडलेले असल्याने तो जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावा लागला, आणि या कामात सर्वाधिक वेळ गेला तो येथेच.

रंग एकजीव झाला म्हणजे तो वाळेलच असे मात्र नव्हे. ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून त्यात कोबाल्टसारख्या धातूंची शुष्कके, म्हणजे वाळण्यास गती देणारी संयुगे, घातलेली असतात. दीर्घकाळ साठवणीत ती रंगद्रव्याच्या कणांना चिकटून निष्प्रभ होतात आणि रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर एक हात देऊन पाहिला गेला. दुसऱ्या दिवशी बोट चिकटले नाही, तेव्हाच गजांना पॉलिश पेपर मारून काम हाती घेतले गेले.

इमल्शनचा डबा उघडताच सडक्या अंड्याचा वास आला. पाण्यावर आधारलेल्या या रंगाला दाटपणा देण्यासाठी सेल्युलोजजन्य पदार्थ वापरतात. रंगातील जंतुनाशकाचा प्रभाव ओसरला की जीवाणू त्यांवर वाढतात, त्यामुळे दुर्गंधी सुटते आणि रंग पाणीदार होतो. तो रंग ढवळूनही फुटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचाच राहिला. काही रंगारी अशा वेळी थोडा ताजा रंग मिसळून वेळ मारून नेण्याचा सल्ला देतात, पण त्यात नवा रंगही वाया जाण्याचा संभव अधिक, म्हणून तो डबा बाद ठरवण्यात आला.

याहून जुना डबा निघाल्यास प्रश्न टिकाऊपणापुरता राहत नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ साली अधिसूचित होऊन नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल व हिरव्या ऑइल पेंटमध्ये, शिसे बरेच अधिक असू शकते, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असल्याने असा रंग पाळण्याला, खेळण्यांना वा हाताशी येणाऱ्या दारांना लावू नये.

बाद रंग मोरीत वा गटारात ओतू नये. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत रंगाचे टाकून दिलेले डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडत असत; आजही असा डबा झाकण लावून ओल्या व सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवावा आणि तो घातक कचरा म्हणूनच सफाई कर्मचाऱ्याकडे सोपवावा.