पूल थरथरतो तेव्हा

पणजीहून पर्वरीकडे मांडवीच्या पुलावरून कधी पायी गेलात? शेजारून कदंबाची बस गेली, की कठड्यावर टेकलेल्या हाताला बारीक थरथर जाणवते. माझ्याबरोबर आलेले पाहुणे हमखास दचकतात. "अहो, हा पूल हलतोय!"

हलतो, आणि त्यात वावगे काही नाही. पण गोवेकराला तो प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. ५ जुलै १९८६ रोजी इथलाच नेहरू पूल कोसळला. बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत पोलाद आतून गंजत होते. माणसे पुन्हा फेरीबोटीत चढली.

म्हापशाच्या बाजारात आपण मडके बोटाने वाजवून घेतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो. पुलाचेही तसेच. प्रत्येक पुलाची सेकंदाला ठरावीक वेळा डोलण्याची स्वतःची लय असते. काँक्रीटला तडे गेले, ताठपणा कमी झाला, की ती मंदावते. वाजवण्याचे काम बस-ट्रकच करतात. पुलाला बसवलेली संवेदके ती कंपने टिपतात. वाहतूक थांबवावी लागत नाही.

मग अडते कुठे? स्वित्झर्लंडमध्ये पाडायच्या ठरलेल्या 'झेड २४' या पुलाची कंपने १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर मोजली. नंतर त्याचा खांब मुद्दाम खचवला, ताणलेल्या तारा कापल्या. तेव्हा दिसले, की कडाक्याच्या थंडीत वरचे डांबर घट्ट झाले तरी पुलाची लय बदलते. म्हणजे लय बदलली की पूल मोडकळीला आला, असे नाही; आधी हवामानाचा वाटा वजा करायला हवा.

आपल्याकडे बर्फ नाही, पण एप्रिलचे ऊन आणि आषाढातला पाऊस आहे. म्हणून पूल धडधाकट असतानाच त्याची वर्षभराची लय नोंदवून ठेवायला हवी. नुसत्या कंपनांवर विसंबूनही चालणार नाही. आत गंजलेली एखादी तार तडा पडेपर्यंत लय फारशी बदलत नाही. त्यासाठी माणसाने पुलाखाली उतरून, सांधे जवळून पाहायलाच हवेत.

पाहुण्यांना मी एवढेच सांगतो : पूल थरथरला म्हणून घाबरू नका. कालच्यापेक्षा आज वेगळा थरथरतोय का, हे कोणी पाहतेय ना, ते मात्र जरूर विचारा.