एका कढईतला पास्ता

मुलांनो, पास्ता म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हॉटेल येतं आणि आईच्या डोळ्यांसमोर भांड्यांचा ढीग! एका पातेल्यात पास्ता उकडा, चाळणीत निथळा, दुसरीकडे सॉस करा... पण हाच पास्ता एका कढईत, अर्ध्या तासात होतो बरं का! आमच्या घरी तो दर बुधवारी होतो. आणि ही युक्ती शिकवली एका सातारकर आजीनं, जिनं तोवर पास्ता चाखलाही नव्हता.

या आजी म्हणजे माझ्या सासूबाई. माझी शाळा अंधेरीला, घर घाटकोपरला. 2014 साली मेट्रो सुरू झाल्यापासून प्रवास सोपा झाला, तरी दुपारची शाळा सुटून घरी पोचायला सात वाजतात. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंकडे. गेल्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावर त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर! दुखणं त्यांनी मुकाट्यानं सोसलं. पण एकदा पोळपाट-लाटण्याकडे बघत म्हणाल्या, "आता मी काय, नुसती बसून खाणारी."

आमचे पाचवीतले चिरंजीव तिथंच होते. म्हणाले, "आजी, तू खुर्चीवर बसून नुसतं सांग. मी करतो."

पोळ्या लाटणं काही त्याला जमणार नव्हतं. म्हणून त्यानं पास्ता निवडला आणि पाकिटावरची कृती मोठ्यानं वाचली. भरपूर पाण्यात उकडा, मग पाणी काढून टाका. हे ऐकलं मात्र, आजी कडाडल्या, "पाणी टाकायचं? अरे, चकोल्यांचं पाणी कुणी टाकतं का?"

चकोल्या म्हणजेच वरणफळं. कणकेची पोळी लाटायची, तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे करायचे आणि उकळत्या वरणात सोडायचे. तुकडे शिजतात आणि वरण छान दाट होतं. कारण गव्हातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो. पास्ताही गव्हाचाच. आपल्याकडे शेवयांसाठी ज्या बन्सी गव्हाचा रवा काढतात, तसल्याच कडक दाण्याच्या ड्युरम गव्हाचा. मग पाणी टाकायचं कशाला? तेच आटलं की सॉस!

मार्को पोलोनं चीनमधून इटलीला पास्ता नेला, अशी एक गोष्ट सांगतात. पण तो चीनहून परतला 1295 साली. आणि अल-इद्रिसी या भूगोलकारानं 1154 सालीच लिहून ठेवलंय, की सिसिली बेटावर सुकवलेल्या शेवयांसारखा पदार्थ बनतो आणि जहाजं भरभरून परदेशी जातो. तेव्हा ती गोष्ट काही खरी नाही!

आता कृती. चौघांसाठी पाव किलो छोट्या नळ्यांचा पास्ता आणि पाव किलो बिनहाडाचं चिकन घ्या. छातीचं मांस घ्यावं, त्यात चरबी कमी आणि प्रथिनं भरपूर. चिकनचे बोराएवढे तुकडे करा. चिरणं आणि गॅस मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच! कच्च्या चिकनची सुरी, पाट आणि हात साबणानं धुवा, मगच भाज्यांना हात लावा.

कढईत दोन चमचे तेलावर ठेचलेला लसूण आणि एक कांदा परता. चिकन घालून पाच मिनिटं परता. मग दोन टोमॅटो, एक गाजर, मूठभर फरसबी, मीठ आणि तिखट घाला. पास्ता टाकून तीन कप उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा आणि मंद आचेवर बारा मिनिटं शिजू द्या. अधूनमधून तळापासून हलवा, नाहीतर लागेल. शेवटच्या तीन मिनिटांत ढोबळी मिरची घाला. चिकनचा मोठ्यात मोठा तुकडा कापून बघा, आत जराही गुलाबी दिसता कामा नये. शाकाहारी घरांत चिकनऐवजी शिजवलेला राजमा किंवा पनीर चालेल.

त्या बुधवारी आजी खुर्चीवरून सूचना देत होत्या, "आता हलव... आता झाक... पुरे!" डाव्या हातानं चमच्यानं त्यांनी पहिला घास घेतला. म्हणाल्या, "मीठ बेताचं पडलंय. पण चकोल्या जमल्या हो!"

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली आईबाबा दोघं भाजी निवडतायत असं चित्र आलं, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली! खरं तर त्यात नवल वाटायला नको. भूक मुलग्यांना लागते, मुलींनाही लागते. मग पळी दोघांच्या हातात का नको?

प्लॅस्टर निघालं, आजींच्या पोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बुधवार मात्र चिरंजीवांनी सोडलेला नाही आणि आजींनी खुर्ची सोडलेली नाही. तुमच्याही आजीला विचारा, एका भांड्यात होणारं तिच्या गावचं जेवण कोणतं? आणि नुसतं विचारून थांबू नका. ती सांगेल तसं एकदा करून तिला वाढा.