कर्जतच्या डोंगरात शांती कुणाची?

थंडी पडली की जाहिराती सुरू होतात. ज्यांचा खिसा मोठा ते गुलमर्ग, औलीला बर्फावर स्कीइंग करायला जातात. मुंबई-पुण्याच्या नोकरदारांसाठी कर्जत-खालापूर आहे. शनिवारी ट्रेक, रविवारी पहाटे योग, मध्ये फार्महाऊसचं जेवण. बर्फ तेवढा नाही. आपली नोकरीला लागलेली मुलंमुलीही आता जातात, आणि जावंच. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९२७ साली आपल्या पणजोबांना तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. विश्रांती ही कुणाची मक्तेदारी नाही.

डिसेंबरात आम्ही काही कार्यकर्ते कोंदिवड्यातून कोंडाणे लेण्यांवर चढलो. राजमाचीच्या पायथ्याचं हे चैत्य आणि विहार दोन हजार वर्षांहून जुने. तिथे एक गट सूर्यनमस्कार घालत होता आणि त्यांचा गाईड सांगत होता, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली! आम्ही ब्राह्मी लेख दाखवला: कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं. गाईड गप्प झाला. सामान वाहणारा ठाकर पोरगा मात्र जवळ आला. त्याने विचारलं, "मग ते भिक्खू खायचे काय?"

भिक्षा. म्हणजे वरचं ध्यान खालच्या गावांच्या भाकरीवर चालायचं, आणि भिक्खूंना रोज त्या माणसांच्या दारात उभं राहावं लागायचं. आजच्या पॅकेजमध्ये हे दार गायब आहे. सिद्धार्थ गौतमही आळार कालामाकडे ध्यान शिकले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, कारण माणसाच्या दुःखाचा प्रश्न शिल्लक होता. बाबासाहेबांनी धम्म मांडताना माणसाचं माणसाशी नातं मध्यभागी ठेवलं ते यासाठीच.

शेजारच्या खालापुरात इर्शाळगड आहे, ट्रेकर्सचा लाडका. त्याच्या उतारावरच्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं पायी चढली, मोठी यंत्रं खालीच राहिली. ज्या पायवाटेला शहरातली माणसं 'ॲडव्हेंचर' म्हणतात, तीच त्या वाडीची एकमेव वाट होती. मग डोंगरात येऊन डोळे मिटायचे की उघडायचे?

पावसाळ्याआधी आम्ही कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांवर जाणार आहोत. कुठे रस्ता नाही, कुठे उतार खचतोय, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे कुणाचे दावे अडकलेत, याची नोंद करायची आहे. ट्रेकचे बूट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते घालून यावं. जेवणाचा डबा आपापला आणावा, वाडीवर भार नको.

जय भीम.