घरचा सीपीयू

आमच्या गारखेड्याच्या घरात त्या काळ्या डब्याला सगळे 'सीपीयू'च म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतला पावणेचार सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा. पण नाव अख्ख्या डब्याला पडलं ते पडलंच. 2008च्या दिवाळीत तो आला. ताईने त्याच्यावर एमएस-सीआयटीचा सराव केला, बाबांनी शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या. भारनियमनात यूपीएस ओरडायला लागला, तरी फाइल सेव्ह होईपर्यंत हा तग धरायचा. मोठा सोशिक. संभाजीनगरची धूळ आणि मेमधल्या दुपारी त्याने निमूट काढल्या.

गेली काही वर्षं मात्र ब्राउझर उघडला की त्याला धाप लागायची. आत पेंटियम ड्युअल कोर ई2160 : दोन कोअर, 1.8 गिगाहर्ट्झ. "भंगारात द्या आता," असं घरात ठरत आलं होतं. मी झाकण उघडलं, बोर्डाचं नाव वाचलं, कंपनीची प्रोसेसरची यादी काढली आणि चकित झालो. त्याच 775 पिनांच्या सॉकेटमध्ये चार कोअरचा क्यू6600 बसतो, आणि तो तर 2007च्या जानेवारीतच बाजारात आला होता! म्हणजे हा गडी पहिल्या दिवसापासून दुप्पट ओझं पेलायला तयार होता. आम्ही त्याला तशी संधीच दिली नाही आणि वर म्हातारा ठरवला.

जुना क्यू6600 स्वस्तात मिळाला. घेताना पाठीवरचा कोड तेवढा नीट पाहिला : एसएलएसीआर. हा 95 वॅटचा. त्याचा थोरला भाऊ 105 वॅट खातो आणि जास्त तापतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक क्षुल्लक नाही. म्हणून पंखाही बदलला, तांब्याच्या गाभ्याचा घेतला.

जुनी थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती पुसली. या जातीत पिना चिपला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या नाजूक. एक वाकली तर बोर्डच गेला. श्वास रोखून चिप अलगद ठेवली, वर तुरीच्या डाळीएवढी पेस्ट, मग पंख्याच्या चार खुंट्या कट्‌कन दाबल्या. बटण दाबलं. एक बीप, आणि पडद्यावर चार कोअर.

खरं सांगायचं तर निम्मा वेग नव्या एसएसडीने आणला. रॅम 4 जीबीच्या पुढे हा बोर्ड घेतच नाही, आणि विंडोज 11ची नवी आवृत्ती या पिढीच्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. म्हणून त्याच्यावर लिनक्स घातलं. आता बाबा त्याच्यावर युनिकोडमध्ये आठवणी लिहितात, आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही.

तुमच्याही घरी असा एखादा काळा डबा चादरीखाली पडून असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचं झाकण एकदा उघडा. बोर्डाचं नाव बोर्डावरच छापलेलं असतं.